साडूची बाग

माझं साडूशी पटत नाही. भांडण झालेलं नाही, वाटणीचा वाद नाही, नुसतं पटत नाही. तो फार भला माणूस आहे असं सगळे म्हणतात आणि तेच माझ्या डोक्यात जातं. माझ्या थोरल्या मेहुणीचा हा नवरा. जन्मभर बस चालवली, निवृत्त झाला आणि नेमकं आमच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर घेतलं. का, तर बहिणी-बहिणी शेजारी राहतील. बहिणी राहिल्या की शेजारी, माझी काही तक्रार नाही. पण त्यांच्याबरोबर हाही आला ना.

मी शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मधल्या खोलीत संसार आणि मागे अंगण. दोन्ही घरांची अंगणं एकाच मापाची, मध्ये खांद्याएवढी भिंत. पाऊस जाऊन महिने लोटले की माझ्या बाजूची जमीन शिवण उसवावी तशी तडकते. नळाला पाणी सकाळी येतं, ते पिंप भरता भरता जातं. अशा दिवसांत भिंतीपलीकडे काय असावं? भेंडी. वांगी. मांडवावर दुधी. पालेभाजीची पानं तर तळहाताएवढी. आणि सगळं म्हणे घरच्या खतावर, औषधाचा एक थेंब नाही. लोक येऊन बघून जातात, ‘ड्रायव्हरची बाग’ म्हणतात. पँट आखूड करायला आलेलं गिऱ्हाईक सुद्धा माप देता देता मलाच विचारतं, ‘तुमच्या साडूंनी काय जादू केलीय हो?’ माझ्या तोंडात तेव्हा टाचण्या असतात म्हणून बरं. माझ्या पोटात दुखतं, हे मी कोणापासून लपवत नाही. तोंडात टाचण्या नसत्या तर गिऱ्हाइकालाही सांगितलं असतं.

पण भाजीचं सोडा. आमच्या हिचं सांगतो.

ही लग्न झाल्यापासून माझ्या दुकानात काज-बटणं करते, तुरपाई करते. हात असा सफाईदार की कापड उलटं करून बघितलं तरी टाका सापडू नये. खिडकीजवळ तिचं स्टूल, माझं मशीन समोर. बोलणं मात्र अगदी बेताचं. ‘जेवायला चला.’ ‘काळा दोरा संपलाय.’ ‘ते कोटवाले येऊन गेले.’ एवढ्या शब्दांवर आमचा संसार सुरळीत चालला होता. मी समजून चाललो होतो की असतो एकेकाचा स्वभाव, काही माणसं अबोलच असतात. मग साडू राहायला आला आणि मला कळलं, की ही हसते.

दुपारची जेवणं आटोपली, भांडी झाली, की ही एक बादली आणि एक पिशवी घेऊन ताईकडे जाते. ताई म्हणजे तिची ती थोरली बहीण. मी मशीनवर बसलेला असतो. पायाखालचं पायडल थांबलं की पलीकडून आवाज येतो. आधी साडूचा घोगरा आवाज, काहीतरी रंगवून सांगतोय. मग ताई मध्येच त्याला खोडून काढते. आणि मग ही हसते. तोंडावर हात ठेवून नाही हो, चांगली मोकळी, पोट धरून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, दुसरीच कोणी बाई आलीय त्यांच्याकडे.

‘काय एवढं हसायला झालं?’ मी एकदा विचारलं.

‘काही नाही हो, भावोजींचं आपलं नेहमीचं.’

भावोजींचं नेहमीचं. माझंही काहीतरी नेहमीचं असेलच की. त्याला कधी कोणी हसलेलं मला तरी आठवत नाही.

रोज रात्री ताटात तीच पलीकडची भाजी यायची. ‘कोवळी आहे ना?’ ही विचारायची. ‘जरा निबरच आहे,’ मी म्हणायचो. साफ खोटं. भाजी इतकी गोड असायची की मी ताट निपटून खायचो आणि वर निबर म्हणायचो. मी असं म्हटलं की हिचं तोंड उतरायचं. साडूच्या भाजीला नावं ठेवली तर हिला का लागावं? तिला लागतं हेच मला लागायचं, मग दुसऱ्या दिवशी मी आणखी एक खोड काढायचो.

त्यातच हिची काजं बिघडायला लागली. कधी टाका लांब, कधी तोंड वाकडं. एका गिऱ्हाइकाने शर्ट परत आणून माझ्यासमोर टाकला, आजवर असं कधी घडलं नव्हतं. मी हिला चांगलंच फैलावर घेतलं. ‘लक्ष कुठे असतं तुझं? सगळा जीव त्या साडूच्या वांग्यांत अडकलाय.’ तिने शर्ट घेतला, काज उसवलं आणि खिडकीशी जाऊन परत करायला बसली. फार वेळ लावला तिने त्या एका काजाला.

तेव्हा मी ठरवलं, की आपणही बाग करायची. अशी करायची की साडूने भिंतीवरून मान वर काढून बघत बसावं. विचारायला मात्र जायचं नाही, मेलो तरी त्याला विचारणार नाही. न्हाणीघराच्या झरोक्यातून त्याचं अंगण दिसतं. स्टुलावर चढून मी नीट पाहून घेतलं. माती कुठेच उघडी नव्हती. वर वाळका पाला, पाल्याखाली कापडाचे तुकडे. मला हसूच आलं. कापड घालून भाजी पिकत असेल तर ह्या गल्लीत माझ्यापुढे कोण टिकणार?

कापायच्या टेबलाखाली कातरणांचं पोतं असतं. उपसून बघितलं तर त्यात सगळी पँटींची टेरिकॉटची कातरणं आणि अस्तराचे गुळगुळीत तुकडे. सुती एकही नव्हतं. का नसावं, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. अंगणातला जुन्या मशीनचा मोडका लोखंडी स्टँड आणि खोकी एका बाजूला ओढली, जमीन खणली, रोपवाटिकेतून मिरचीची आणि टोमॅटोची रोपं आणून लावली. आता कातरणं नुसती पसरून टाकणं माझ्या हाताला शोभलं नसतं. मी सगळे तुकडे मशीनवर जोडून एक लांबरुंद चादर शिवली, कडेने दुमड घातली, आणि प्रत्येक रोपाच्या जागी एकेक काज ठेवलं. त्या काजातून रोप अलगद वर काढलं. काम झाल्यावर मागे सरून पाहिलं आणि खरं सांगतो, माझाच मला अभिमान वाटला. असा वाफा कोणी बघितला नसेल.

ही दारात उभी राहून बघत होती. ‘पाणी आत जाईल का?’ तिने हळूच विचारलं.

‘तुला काय कळतं त्यातलं?’ मी म्हणालो. ती आत गेली.

पाणी आत गेलं नाही. टेरिकॉटवरून ओघळून कडेला गेलं, तिथल्या मुंग्यांना मिळालं. दुपारी त्या चादरीखाली हात घातला तर भट्टीसारखी धग. आधी पानांनी माना टाकल्या, मग सगळी रोपं आपापल्या काजाच्या तोंडाशी आडवी झाली. मी तांब्या घेऊन तिथे बसलो होतो तर भिंतीवर साडूचं डोकं.

‘शिलाई मात्र एक नंबर झालीय हो,’ तो म्हणाला. ‘नुसता घाम निघाला असेल बिचाऱ्या रोपांचा.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘तुम्ही नाही का कापड घालत?’

‘ते सुती असतं. सुती ओल धरतं आणि सावकाश कुजतं, त्याचंच खत होतं. टेरिकॉट तुमच्या-माझ्या नातवंडांनाही पुरून उरेल.’ मग तो जरा घुटमळला. ‘हे मी तिचं ऐकून सांगतोय, मला विचाराल तर मला ह्यातलं ओ का ठो कळत नाही. माझे गुडघे कुठे वाकतात? ब्रेक दाबून दाबून पार कामातून गेलेत. मी आपला खुर्चीत बसतो आणि बडबड करतो. बाग सगळी तुमच्या घरच्या बाईची.’

‘कोणाची?’ मी विचारलं.

‘म्हणजे, तुम्हाला ठाऊक नाही? तुमच्याच दुकानातली सुती कातरणं वेचून आणते की रोज पिशवीतून. त्यातलीही रंग जाणारी नाही चालत तिला. भांडी विसळलेलं पाणी तुमच्याच घरचं. वडिलांच्या हाताखाली शिकलीय ना लहानपणी, माळी होते ते शाळेच्या बागेत.’

सासरे शाळेत होते हे मला माहीत होतं. शाळेत म्हणजे घंटा वाजवायला किंवा फाटकाशी बसायला असतील, असं मी धरून चाललो होतो. ते आमच्या लग्नाआधीच गेले आणि मी काही कधी विचारलं नाही. साडूला मात्र खडान्‌खडा माहीत.

दुसरा कोणी असता तर त्याला बायकोचा अभिमान वाटला असता, हे मला समजतं. मला नाही वाटला. बाग साडूची होती तोवर मला भाजीचा हेवा वाटत होता, आता त्याच्या खुर्चीचा वाटायला लागला.

‘इतके दिवस बोलली का नाहीस?’ मी हिला विचारलं.

‘तुम्ही कुठे विचारलंत?’

‘लोक ड्रायव्हरची बाग म्हणतात, ते चालतं तुला?’

‘म्हणू देत की. अंगण त्यांचंच आहे.’

‘मग आपल्या अंगणात कर.’

ती लगेच उठली, ह्याचं मला नवल वाटलं. मागे जाऊन तिने माझी ती चादर गुंडाळून बाजूला ठेवली, उकिडवी बसली, ढेकूळ हातात घेऊन चुरडलं आणि नाकाशी धरलं. दुकानात बसते ती बाई आणि ही बाई एकच आहे असं वाटेना. ‘ह्या मातीला आधी खायला घालायला हवं,’ ती म्हणाली. ‘पाला, भाजीची देठं, शेण मिळालं तर शेण. कोपऱ्यात एक खड्डा करू. पाऊस येईपर्यंत काही लावण्यात अर्थ नाही, पण पावसानंतर बघा तुम्ही.’

‘आणि तोपर्यंत?’

‘तोपर्यंत तिकडे आहेच की,’ ती अगदी सहज म्हणाली.

तिने त्याच दिवशी खड्डा खणायला घेतला. माझ्या डोक्यात मात्र तेवढंच राहिलं, तिकडे आहेच की.

त्यानंतर दुपारी मला मशीनवर बसवेना. भिंतीत एका ठिकाणी विटेचा कोपरा उडालाय. गिऱ्हाइकांना वाटावं शिंपी आडवा झालाय म्हणून मी दार लोटून घ्यायचो आणि त्या भोकाशी पाटावर जाऊन बसायचो. माझंच अंगण, माझीच भिंत, माझीच बायको. चोरी कसली त्यात?

तिचं काम बघण्यासारखं होतं, हे नाकारत नाही. वाफ्यांत तिने मातीची मडकी गळ्यापर्यंत पुरली होती. झाकणी उचलायची, बादलीतलं पाणी मडक्यात ओतायचं, झाकणी परत ठेवायची. पाणी आतल्या आत पाझरून मुळांना जातं, उन्हाच्या हाती काही लागत नाही. मग पाल्याखाली बोट खुपसून ओल बघायची. कुठे पाला विरला असेल तिथे नवी मूठ टाकायची. पानं उलटी करून करून माव्याची कीड चोळून काढायची. साडू खुर्चीत बसून कुठल्याशा घाटात बस बंद पडल्याची गोष्ट सांगत होता. ती हात न थांबवता विचारत होती, ‘मग? मग काय केलंत?’ मला तिने आयुष्यात कधी ‘मग?’ म्हणून विचारलेलं नाही.

मग एका दुपारी ताई आत गेली होती आणि गोष्टी संपल्या होत्या. ही वांग्याच्या पानाखाली डोळे बारीक करून बघत होती. तशीच, वर न बघता म्हणाली, ‘भावोजी, सुईत दोरा ओवता येत नाही हो मला आता.’

‘नवा चष्मा केला ना परवा?’

‘तुम्ही दोघं सोबत आलात म्हणून केला. त्याने काही फरक नाही. डॉक्टर म्हणाले ना तुमच्यासमोरच, बारीक काम सोडा.’

‘मग त्यांना सांगून टाक एकदा. खाणार आहेत का?’

‘सांगितलं की काजाला दुसरी बाई ठेवतील,’ ही म्हणाली. ‘मग मी दुकानात कशाला बसू? तेवढंच तर एकत्र बसणं आहे आमचं.’

शेवटचं वाक्य मला ऐकू आलं नाही असं नाही. चांगलं ऐकू आलं. पण अंगाची आग झाली ती आधीच्या वाक्यांनी. डॉक्टरकडे गेली. ह्या दोघांना घेऊन गेली. चष्मा केला, तो माझ्यासमोर एकदाही लावला नाही. हिचे डोळे चाललेत हे साडूला माहीत, ताईला माहीत, डॉक्टरला माहीत. आणि समोरासमोर बसणारा मी वाकड्या काजांवरून हिला बोल लावतोय.

ती घरी आली तेव्हा मी मधल्या खोलीत उभाच होतो. तिच्या हातात भाजीची जुडी, कोपरापर्यंत माती.

‘दिसत नाही तुला, ते साडूला सांगतेस? मी काय परका आहे?’

ती थबकली. ‘तुम्हाला कोणी सांगितलं? भावोजींनी?’

‘कोणी सांगायला कशाला पाहिजे? भिंतीला भोक आहे.’

हे शब्द तोंडातून गेले आणि मग मला कळलं मी काय बोललो ते. ती माझ्याकडे बघत नव्हती. मागच्या दाराकडे, तिथून दिसणाऱ्या भिंतीकडे बघत होती. कुठल्या कुठल्या दुपारी काय काय बोलली ते आठवत असावी. मग तिने जुडी ओट्यावर ठेवली आणि हात धुवायला गेली.

ती तिकडे जायची थांबली नाही. पाण्यावाचून रोपं राहत नाहीत, ती वेळेवर बादली घेऊन जातेच. पण आता पलीकडून आवाज येत नाही. सुरुवातीला साडूने त्याच्या गोष्टी लावून बघितल्या. ती नुसतं ‘हो का’ म्हणायची. ताईने विचारून बघितलं, तिलाही काही मिळालं नाही. आता साडूही गप्प बसतो. मडक्यांत पाणी ओतल्याचं तेवढं ऐकू येतं, मग झाकणी ठेवल्याचं. परवा तो भिंतीपाशी येऊन मला म्हणाला, ‘काय बोललात तुम्ही तिला? बागेतला जीवच गेलाय.’ मी म्हणालो, ‘आमचं आम्ही बघू.’ त्याचं तोंड पडलं. इतकी वर्षं ते पडलेलं बघायची मला हौस होती. बघून काही बरं वाटलं नाही.

मी सिमेंट कालवून ते भोक बुजवलं. तिला मुद्दाम नेऊन दाखवलं.

‘बरं केलंत,’ ती म्हणाली.

दुसरी बाई ठेवणार नाही, हेही मी तिला स्पष्ट सांगितलं. ‘काजं वाकडी येऊ देत. गिऱ्हाइकांचं मी बघून घेईन.’ त्यालाही तिने नुसतं ‘बरं’ म्हटलं. कोपऱ्यातल्या खड्ड्यात ती अजून भाजीची देठं टाकते, वर माती लोटते. पावसानंतर इथे काय लावणार, ते मात्र परत बोलली नाही.

काल दुपारी ती तिकडून लवकर आली आणि स्टुलावर बसली. आता चष्मा लावते, लपवायचं काही उरलं नाही. मी मशीन थांबवून सुईत दोरा ओवला आणि तिच्यापुढे धरला. तिने घेतला. मला वाटलं, आता बोलेल. सदऱ्याची पट्टी गुडघ्यावर पसरून ती चाचपत पहिला टाका घालत राहिली. पायडल बंद होतं, रस्त्यावरही कोणी नव्हतं. मला ती शांतता सहन होईना.

‘बोल की काहीतरी,’ मी म्हणालो.

‘काय बोलू?’ ती म्हणाली. ‘तुम्हाला ऐकू येतंच की सगळं.’ आणि स्टूल उजेडाकडे सरकवून तिने टाका ओढला.